तळपायाची आग होते, पण चटका लागलेला कळत नाही. हे कसं काय?

हरिपूरकर (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज विचारायची वेळ आली.

आई 68 वर्षांची, साखर गेली 19 वर्षं. दोनेक वर्षांपासून रात्री तळपायांची आग आग होते. थंडीतही पाय पांघरुणाबाहेर. कधी ओलं फडकं गुंडाळते, कधी मध्यरात्री उठून मोरीत पायावर तांब्याभर पाणी ओतून येते. आम्ही घरचे समजायचो, चला, निदान पाय जागे तरी आहेत.

जानेवारीत गुडघा धरला म्हणून तिनं रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेक घेतला आणि तशीच झोपली. पिशवी घसरून टाचेपाशी गेली. सकाळी टाचेवर लिंबाएवढा फोड. रात्रभर तिला काहीच कळलं नाही! ज्या पायांची आग होते म्हणून बाई झोपत नाही, त्याच पायांना खरोखरचा चटका बसला तर पत्ता नाही.

आधीचे डॉक्टर दर वेळी "शुगर सांभाळा" एवढंच म्हणायचे, तपासणीत चपला कधी काढायला लावल्या नाहीत. आता मिरजेत दुसऱ्यांना दाखवतो. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. बोटांपाशी तर तिला एकदाही कळलं नाही. फोड भरून आल्यावर त्यांनी एक मलम दिलंय, कॅप्सेसिनचं. म्हणजे मिरचीचं! आईचं म्हणणं, "जन्मभर डंकावर मिरची कुटून आणली, आता पायाला चोळू?"

माझे प्रश्न दोन. एकाच पायाला आग होणं आणि आग न कळणं हे एकत्र कसं? आणि आगीवर मिरचीचा उतारा कोणत्या हिशोबानं?

बेदाणा:

मलम लावून वर भडंग खाऊ नका म्हणजे झालं. दोन्ही टोकांनी पेटाल. 😄

(काकूंना लवकर आराम पडो. माझ्या वडिलांचंही असंच आहे, म्हणून इथे ठाण मांडून बसतोय.)

चटणीवाली:

माझं आष्ट्याला मिरची कांडपाचं केंद्र आहे, वीस वर्षं झाली. शास्त्र मला माहीत नाही, अनुभव सांगते.

मार्च ते मे आमचा सीझन. नवीन बाई कामाला आली की पहिला आठवडा नुसती ठसकते, डोळ्यांतून पाणी, नाक गळतंय. महिन्याभरात तीच बाई खकाण्यात उभी राहून फोनवर बोलते. हातांचंही तसंच. पहिल्या दिवसांत रात्री हातांची लाही लाही होते, नंतर एवढं जाणवत नाही. साध्या पाण्यानं जात नाही, आधी गोडंतेल चोळायचं मग साबण लावायचा.

आणि एक गंमत. दिवसभर हात शांत असतात. संध्याकाळी घरी जाऊन अंघोळीला कढत पाणी घेतलं की हात परत पेटतात, जणू आत्ताच मिरचीत घातलेत. गार पाण्यानं होत नाही. हे का ते कुणी सांगेल का? वीस वर्षं विचारतेय, सगळे "उष्ण पडतं" म्हणून सोडून देतात.

घाटमाथा:

चटणीवालीताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच हरिपूरकरांच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आपल्या कातडीत ज्या बारीक नसा येऊन संपतात, त्यांच्या टोकांच्या पातळ आवरणात प्रथिनांची दारं असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. दार उघडलं की सोडियम, कॅल्शियम असे विद्युतभारित कण आत घुसतात, नस चेतते आणि तो निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जातो. पाहणं, ऐकणं, चव, स्पर्श, सगळ्याच्या मुळाशी अशी कुठली ना कुठली दारं आहेत. वाड्याच्या दिंडीसारखं समजा. फरक इतकाच की प्रत्येक दिंडी ठरावीक माणसानं हाक मारली तरच उघडते.

तिखटाची दिंडी 1997 साली सापडली. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं उंदीरवर्गी प्राण्यांच्या संवेदी नसांमध्ये चालू असलेल्या जनुकांचे तुकडे घेतले आणि ज्या पेशींना मिरचीचं काहीच वाटत नाही अशा पेशींत ते भरले. कुठला तुकडा गेल्यावर पेशी कॅप्सेसिनला दाद देते ते शोधत गेले. जे एक जनुक मिळालं त्याच्या प्रथिनाला आज टीआरपीव्ही1 म्हणतात. मग कळलं की हे दार मिरचीशिवाय आणखी एका गोष्टीनं उघडतं: साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनं. म्हणजे मेंदूच्या लेखी मिरची आणि चटका एकच. "तोंड भाजलं" असं आपण तिखट खाऊन म्हणतो ती उपमा नाही, नस अक्षरशः तेच कळवत असते.

आता ताईंचे हात. मिरची लागलेली असताना हे दार 43 पर्यंत थांबत नाही, त्याचा उंबरठा खाली येतो. दिवसभर हात शांत, कारण खोलीच्या हवेत दार किलकिलं असलं तरी गप्प असतं. अंघोळीचं पाणी 40 अंशांचं असलं तरी तेवढ्यानं ते सताड उघडतं. गार पाण्यानं उलट मिटतं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, त्यामुळे तुमचं गोडंतेल अगदी बरोबर.

सूज आली, ऊन लागलं, तोंड आलं तरी उंबरठा असाच घसरतो. जखमेच्या जागी आम्लता वाढते, सुजेची रसायनं जमतात, ती याच दाराला हळवं करतात. यात्रेत दिवसभर उन्हात फिरून आल्यावर कोमट पाणीही पाठीला चावतं ना, ते हेच.

बेदाणा:

सर, मग पोपट? आमच्या आजीचा पोपट लवंगी मिरची कचाकचा खायचा आणि वर "राम राम" म्हणायचा.

घाटमाथा:

पोपटाच्या नसांतही हे दार आहे, उष्णता त्याला कळते. पण पक्ष्यांच्या दारात कॅप्सेसिन बसायची खाच वेगळी आहे, त्यामुळे मिरचीची हाक त्याला ऐकूच जात नाही. कोंबडीच्या प्रथिनावर 2002 मध्ये हे दाखवलं गेलं. मिरचीच्या झाडाच्या दृष्टीनं हिशोब चोख आहे. रानमिरची कुरतडणारे उंदीर बी चावून टाकतात, पक्षी ते अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात. तिखट हे सस्तन प्राण्यांना लावलेलं कुंपण. त्या कुंपणावर उड्या मारून जेवणारा सस्तन प्राणी म्हणजे आपण, तोंडी लावायला ठेचा घेऊन.

प्रश्नचिन्ह:

माहिती छान, पण मूळ प्रश्न राहिला. उष्णतेचं दार असलेल्या नसा साखरेनं मेल्या, म्हणून पिशवी कळली नाही, हे पटलं. मग आग कोण कळवतंय? मेलेला माणूस बोंब मारत नाही.

घाटमाथा:

रास्त. नस बाहेरच्या टोकाकडून वाळत येते. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंतच्या, म्हणून सुरुवात तिथून. टोकं झडली की बाहेरचं काही कळायची सोय गेली. पण नसेचा उरलेला भाग आणि कण्याजवळचा तिचा गड्डा जिवंत असतो. त्या जिवंत पण दुखावलेल्या भागात दुसऱ्या जातीची दारं बिघडतात. निरोप पुढे नेणारी सोडियमची चॅनेलं, नाव1.7, नाव1.8 (इंग्रजीत Nav1.7, Nav1.8) वगैरे. ती कुणी हाक न मारता उघडझाप करू लागतात. पलीकडे कणा आणि मेंदू हे निरोप जास्तच मोठ्यानं ऐकायला शिकतात. मेंदूला मिळणारी चिठ्ठी एकच: "तळपाय, आग." चिठ्ठी कुठून निघाली हे त्याला दिसत नाही.

गावातली टेलिफोनची तार आठवते? खांबावर तुटली की पलीकडचा आवाज येत नाही, पण आपल्या रिसीव्हरमध्ये खरखर मात्र अखंड. तसं. म्हणून पायाची आग होणं हे पाय जागे असल्याचं लक्षण धरू नका. उलट तोच पाय जपायचा.

मलमाचं आता. दार पुन्हा पुन्हा, जबरदस्तीनं उघडलं की कॅल्शियम इतकं आत जातं की नसेचं टोकच थकून गप्प होतं. मात्रा जास्त असेल तर टोक काही काळ मागे सरतं आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत वाढतं. आष्ट्याच्या बायकांना महिन्याभरात सवय होते त्यातही याचा वाटा असणार. मलमातलं प्रमाण अगदी कमी असतं, 0.025 किंवा 0.075 टक्के. ते दिवसातून तीन-चार वेळा, नेमानं, काही आठवडे लावावं लागतं. पहिले दिवस आग वाढते आणि बरेच लोक तिथेच सोडून देतात. परदेशात 8 टक्क्यांची पट्टी असते, ती डॉक्टरच लावतात, पायांना 30 मिनिटं. अमेरिकेत ती नागिणीनंतर उरणाऱ्या वेदनेसाठी 2009 मध्ये आणि मधुमेही पायांसाठी 2020 मध्ये मंजूर झाली.

फुटलेल्या कातडीवर, भेगांवर लावायचं नाही. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच तर नाहीच, कारण वर ताईंनी सांगितलंय. आणि मलमानं आग कमी झाली तरी गेलेली जाणीव परत येत नाही.

सुगरण_सातारा:

आमच्याकडे तळपायाच्या आगीला काशाची वाटी. तूप लावून सासूबाई रोज रात्री घासून घेतात, पाच मिनिटांत घोरायला लागतात. आता तर साताऱ्यात त्याची मशीनं आलीत, खुर्चीत बसायचं, पाय ठेवायचे, वाट्या गरागरा फिरतात. तळवा काळा पडला की "उष्णता निघाली" म्हणतात. यालाही तुमचं शास्त्र आहे का, की नुसतं मनाचं समाधान?

घाटमाथा:

काळं होणं म्हणजे धातू, तूप आणि घाम यांची करामत, उष्णता काही निघत नाही. पण घासण्याचा आराम खोटा नाही. स्पर्शाच्या जाड नसा जाग्या केल्या की वेदनेच्या बारीक नसांचा निरोप कण्यातच अडतो, असं मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं. पोराला लागलं की आई फुंकर घालून चोळते, ते याच जातीचं. फक्त हरिपूरकरांच्या आईंसारखा बधिर पाय असेल तर मशीनपासून लांब. कातडी सोलली तरी कळणार नाही.

बामचंही सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. पुदिन्यातलं मेंथॉल गारव्याचं दार उघडतं, टीआरपीएम8. ते 2002 मध्ये सापडलं. कपाळ थंड झालेलं नसतं, थंडीची दिंडी तेवढी उघडलेली असते. मोहरीचं आणि कच्च्या लसणाचं झोंबणं आणखी एका दाराचं, टीआरपीए1. तुमची कांदा लसूण चटणी म्हणजे एका घासात किती दिंड्या, मोजा.

माणदेशी:

इंगळीबद्दल लिहा की कुणीतरी. आमच्या माळावर दगड उचलला की लाल इंगळी ठरलेली. मी नऊ वर्षांचा असताना बोटाला चावली होती. दुखणं असं की हात खांद्यापासून तोडून टाकावा वाटलं. थोड्या वेळानं घामानं कपडे ओले, हातपाय गार, छातीत धडधड. आजोबा मंत्र टाकणाऱ्याकडे न्यायला निघाले होते, चुलत्यानं मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं म्हणून हे लिहितोय. त्यातही ही चॅनेलं असतात काय?

घाटमाथा:

असतात, आणि जगात या विषयावर लिहिताना आपल्या भागाचं नाव घ्यावंच लागतं. विंचवाच्या विषात सोडियमचं दार मिटू न देणारी प्रथिनं असतात. दारात पाय अडकवून ठेवल्यासारखं. नस एकदा चेतली की थांबतच नाही. म्हणून तसलं दुखणं. लाल विंचवाच्या विषात पोटॅशियमची दारं बंद करणारेही घटक आहेत. त्यातला इबेरिओटॉक्सिन तर जगभरच्या प्रयोगशाळा पोटॅशियम चॅनेल अभ्यासायला वापरतात. तो आपल्याच इंगळीचा!

बोटाच्या दुखण्यानं माणूस मरत नाही. शरीरातल्या सगळ्या स्वयंचलित नसा एकदम चेतून अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी होतं. तुमचा घाम आणि गार हातपाय ही त्याचीच पहिली चाहूल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणं नीट टिपून 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून शेकडो जीव वाचवले. प्राझोसिन विषाला मारत नाही, पुराचं पाणी ज्या वाटेनं नुकसान करतं ती वाट अडवतं. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. फार उशिरा, माझ्या मते.

अमेरिकेच्या वाळवंटात विंचू खाणारा एक उंदीर आहे. त्याच्या नाव1.8 चॅनेलची घडण अशी बदललीय की विंचवाचं विष तिथे बसलं की वेदनेचा निरोपच बंद पडतो. विंचू डसतो, हा मिशा पुसून त्याला खातो. 2013 मध्ये हे छापून आलं तेव्हा वर्गात सांगितल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

प्रश्नचिन्ह:

मग सरळ प्रश्न. दारं माहीत झाली, 2021 ला ज्युलियस आणि स्पर्शाचं दार शोधणारे पटापूशियन यांना नोबेलही देऊन झालं. दार बंद करायची गोळी का नाही बाजारात? की औषध कंपन्यांना रोज गोळी खाणारेच हवेत?

घाटमाथा:

कंपन्यांवर बाकी शंभर आरोप करा, या बाबतीत त्यांनी जीव तोडून प्रयत्न केले. टीआरपीव्ही1 बंद करणाऱ्या गोळ्या बनवल्या, माणसांना दिल्या. काहींना ताप चढला, तोही 40 अंशांच्या आसपास. हे दार शरीराचं तापमान राखण्याच्या कामातही आहे, हे असं कळलं. दुसरं, काहींना गरम-कढत यातला फरक कळेना. म्हणजे गोळीनं ज्याला बरं करायचं, त्याच्या टाचेवर हरिपूरकरांच्या आईसारखा फोड यायचा.

नाव1.7 ची गोष्ट आणखी विलक्षण आहे. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, हातातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. वेदना म्हणजे काय हेच त्याला माहीत नव्हतं. संशोधक पुढच्या तपासणीला पोचेपर्यंत तो गेला होता, घराच्या छतावरून उडी मारून, वय जेमतेम 14. त्याच्याशी नात्यानं जोडलेल्या तीन कुटुंबांतल्या सहा मुलांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या एससीएन9ए या जनुकात दोष, म्हणजे नाव1.7 हे दार उघडतच नव्हतं. बाकी बुद्धी, स्पर्श, गरम-गार ओळखणं ठीक. ओठ आणि जिभेचे शेंडे मात्र लहानपणी स्वतःच चावलेले. असल्या माणसांना वासही येत नाही, हे नंतर कळलं.

उलट बिघाडही असतो. हेच दार वाजवीपेक्षा सहज उघडणारी कुटुंबं आहेत. त्यांचे पाय लाल होऊन भट्टीसारखे तापतात, बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसतात. एकच जनुक. एकीकडे वेदनाच नाही, दुसरीकडे वेदनाच वेदना.

गोळी म्हणाल तर नाव1.8 बंद करणारी सुझेट्रिजीन अमेरिकेत 30 जानेवारी 2025 ला मंजूर झाली. ऑपरेशननंतरच्या वगैरे तीव्र, थोड्या दिवसांच्या दुखण्यासाठी. अफूच्या घराण्यातली नाही हे तिचं महत्त्व. हरिपूरकर, तुमच्या आईंसाठी ती नाही, धावत सुटू नका. आईंना नसांच्या दुखण्यावरची रात्रीची प्रीगाबालिन चालू असेल तर तीही एका कॅल्शियम चॅनेलच्या जोडभागावरच बसते. इतकंच काय, साखरेची ग्लिमेपिराइड असेल तर ती स्वादुपिंडातलं पोटॅशियमचं एक दार बंद करून इन्सुलिन सोडायला लावते. अर्धं औषधाचं कपाट दारांचंच आहे.

बेदाणा:

आमच्या गावात निखाऱ्यांवरून शे-दोनशे माणसं चालतात. सगळ्यांचं नाव1.7 गेलंय म्हणायचं का? 🙄

घाटमाथा:

नाही हो. राख उष्णता सावकाश सोडते आणि पाऊल निखाऱ्यावर अर्धा सेकंदही टिकत नाही. त्यांना तिथंच उभं राहायला सांगा, सगळ्यांची सगळी दारं शाबूत असल्याचं गावभर ऐकू येईल. साखर असलेल्यांनी मात्र हा नवस करू नये, दरवर्षी कुणीतरी पाय जाळून घेतो.

फिजिओताई:

उशिरा आले. हरिपूरकर, एक विचारते. आई सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना, डोळ्यांवर साबण असताना, डुलतात का? किंवा अंधारात मोरीत जाताना भिंत धरतात?

हरिपूरकर:

ताई, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? गेले वर्षभर एका हातानं बेसिन धरूनच तोंड धुते. आम्हाला वाटायचं वयामुळे.

फिजिओताई:

चटका आणि आग या बारीक नसांच्या गोष्टी. पाऊल कुठे पडलंय, घोटा किती वाकलाय, हे कळवणाऱ्या नसा जाड आणि वेगळ्या. त्याही गेल्या की माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. डोळे मिटले की तोल गेला.

तिथलं दार पिएझो2. पटापूशियन यांच्या गटानं 2010 मध्ये शोधलं. पेशीला बारीक काचेच्या नळीनं टोचलं की वीज उठते, हे दिसत होतं, पण कुठल्या जनुकामुळे ते माहीत नव्हतं. त्यांनी 72 जनुकं संशयित धरली आणि एकेक बंद करत गेले. सापडलं ते बहात्तरावं! आधी पिएझो1 आणि मग त्याच्या भावकीतलं पिएझो2. ज्या मोजक्या माणसांत पिएझो2 जन्मतःच नसतं, ती डोळे उघडे असताना चालतात, डोळे बांधले की कोसळतात. पाठीचा कणाही वाकडा होतो. मूत्राशय भरल्याची जाणीवसुद्धा त्यांना धड होत नाही.

आईंच्या बाबतीत जनुक ठीक आहे, नसच थकलीय, पण परिणाम त्याच वळणाचा. मोरीत दांडा बसवा, रात्री दिवा सुरू ठेवा, बेसिनपाशी स्टूल. आणि साखरेची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर डॉक्टरांना बी12 जीवनसत्त्व तपासायला सांगा. ते कमी पडलं तरी नसा अशाच वाळतात, आणि ते भरून काढता येतं.

तंबोरा_मिरज:

विषयांतर होतंय, पण कानाचं विचारू का? माझा भाचा जन्मतः बहिरा. पाच वर्षांचा. गेल्या महिन्यात पळता पळता चक्कर येऊन पडला. सगळे म्हणतात उन्हानं.

घाटमाथा:

विषयांतर नाही, आणि हे आजच्या आज बघा. आतल्या कानात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. शेजारच्या तंतूंच्या शेंड्यांना जोडणारा एक धागा असतो. आवाजानं तंतू कलले की धागा ताणला जाऊन दार उघडतं, आणि पोटॅशियम आत जातं. तुमच्या खुंटी पिळण्याइतकंच नाजूक काम. त्या दारातल्या टीएमसी1 या प्रथिनात दोष असला तरी बहिरेपण येतं, पण त्यात चक्कर नाही.

चक्कर आली म्हणून वेगळी शंका. कानात ते पोटॅशियम पुरवणारं एक चॅनेल हृदयातही काम करतं, ठोक्यानंतर हृदय पूर्ववत करायचं. ते जन्मतः बिघडलं तर मूल बहिरं असतं आणि पळताना, घाबरल्यावर हृदयाची लय बिघडून कोसळतं. आजार दुर्मीळ आहे. तुमच्या भाच्याला तो नसेलही. पण साध्या ईसीजीत सुगावा लागतो आणि उपचार आहेत. तोवर त्याला पळवू नका. उन्हाचं नाव घेऊन थांबू नका.

तंबोरा_मिरज:

उद्या सकाळीच नेतो. सर, उपकार.

हरिपूरकर:

सव्वा महिन्यानंतर परत आलो. सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते.

मलम चालू आहे. पहिले दहा दिवस आईनं माझा उद्धार केला. एकदा मलम लावून हात न धुता डोळा चोळला, मग घरभर थयथयाट. आता रबरी हातमोजा घालून मी लावतो, अंघोळीनंतर तासाभरानं. आग पूर्ण गेली नाही, पण रात्री मोरीत जाऊन पाय भिजवणं दोन दिवसांआड एकदा झालंय. बी12 खरंच तळाला निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. गरम पाण्याची पिशवी मी माळ्यावर टाकली, तिनं शेजारणीकडून आणवली, मी तीही परत नेऊन दिली. अंघोळीचं पाणी आता नात हात घालून बघते, मगच आजी बसते.

रोज झोपताना हातआरसा घेऊन तळवे बघायचं डॉक्टरांनी सांगितलंय. परवा आरशात तिला टाचेत घुसलेली टाचणी दिसली. कधी घुसली, कुणाला माहीत. मला हाक मारून शांतपणे म्हणाली, "हे बघ, माझ्या पायात काहीतरी आहे," जणू शेजारणीच्या पायाबद्दल बोलतेय.

चटणीवालीताई, यंदाची मिरची आणून वाळवून ठेवलीय, ब्याडगी तीन किलो, संकेश्वरी दोन. आष्ट्याला कधी येऊ? आई स्वतः येणार म्हणून हटून बसलीय.

चटणीवाली:

गुरुवार सोडून कधीही या, सकाळी लवकर या म्हणजे गर्दी नसते. खोबरं आणि लसूण वेगळे बांधून आणा. काकूंना बंद बूट घालून आणा हं, आमच्या फरशीवर देठं आणि खिळे दोन्ही असतात. बसायला खुर्ची आतल्या खोलीत ठेवते, तिथे खकाणा येत नाही.

तंबोरा_मिरज:

ईसीजी झाला. त्याचं काहीतरी लांबलंय म्हणाले, पुण्याला पाठवलंय. औषध सुरू झालंय, पळायला बंदी. घरातल्या बाकीच्यांचेही काढायला सांगितलेत. पुढचं कळवतो.